अत्रे, शिवाजी पार्क आणि हसवून झोडपणं

पुलं की आचार्य अत्रे, मोठा विनोदी लेखक कोण, हा वाद सुरू झाला की मी गुपचूप अत्र्यांच्या बाजूला जाऊन बसतो. म्हणजे पुलं आवडत नाहीत असं अजिबात नाही, बटाट्याची चाळ अर्धीअधिक पाठ आहे, पण १९५० नंतरच्या त्या दहा-बारा वर्षांत विनोद थेट मैदानात उतरवला, निवडणुकीत वापरला तो अत्र्यांनीच, असं माझं पक्कं मत आहे.

मुळात हा माणूस विडंबनातून आलेला. १९२५ ची झेंडूची फुले, त्यात रविकिरण मंडळाच्या कवींची जी काय उडवलीय! युक्ती साधीच, समोरच्याचा सूर हुबेहूब उचलायचा आणि मग तो इतका ताणायचा की मूळ कविता परत वाचताना पण हसू यावं. पुढं साष्टांग नमस्कार हे नाटक, मग १९३८ चा ब्रह्मचारी सिनेमा, सगळीकडे कुठलं तरी खूळ पकडून त्याची फजिती. तीच सवय राजकारणात घेऊन आले, फक्त कवींच्या जागी मुंबई राज्याचे तेव्हाचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई आणि मुंबई काँग्रेसचे पुढारी स. का. पाटील आले.

आता मोरारजी म्हणजे विनोदी लेखकाला लॉटरीच की हो. कडक, दारूबंदीवाले, चेहऱ्यावर हसू नाही. पण हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं हेही लक्षात घ्या, संयुक्त महाराष्ट्रासाठी गोळीबारात १०० च्या वर माणसं गेली होती, त्याच रागात १५ नोव्हेंबर १९५६ ला अत्र्यांचा दैनिक मराठा निघाला, तोवर मोरारजी दिल्लीला गेलेले पण अत्र्यांनी काही त्यांना सोडलं नाही. शिवाजी पार्कवर सभेला लोक रागावून यायचे आणि हा माणूस त्यांना हसवायचा, आणि हसून राग कमी व्हायच्या ऐवजी वाढायचा, हे मला फार भारी वाटतं. ज्याला घाबरतो त्याच्यावर एकदा पोट धरून हसलं की मग कसली भीती. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसचं पानिपत झालं, ते काही नुसत्या जोक्समुळे नाही अर्थात, पण अत्रे स्वतः आमदार झालेच.

आणि अत्र्यांचं ते 'गेल्या दहा हजार वर्षांत असं झालं नाही'! सगळ्यांना माहीत होतं की ही थाप आहे आणि तरीही टाळ्या, कारण ती थाप आहे हेच त्यातलं मजेचं. आज कोणी असं बोललं तर लगेच फॅक्टचेक.

बरं, सगळंच गोड नव्हतं. अत्रे कमरेखाली वार करायचे, माणसाच्या दिसण्यावर, घरावर जायचे, काही अग्रलेख आज वाचताना नको वाटतं. पण ज्या नेहरूंना वर्षानुवर्षं झोडपलं ते १९६४ ला गेल्यावर याच माणसाने त्यांच्यावर सलग मृत्युलेख लिहिले, सूर्यास्त नावाने पुस्तक आहे, मिळालं तर वाचाच.

बाकी तेव्हाची हवाच वेगळी असावी. राज्य झालं १ मे १९६० ला, आणि १३ ऑगस्टला बाळ ठाकऱ्यांचं मार्मिक निघालं तर प्रकाशनाला खुद्द मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण! व्यंगचित्रांच्या साप्ताहिकाला, म्हणजे ज्यात आपलीच टोपी उडणार हे ठाऊक असताना. पुढं त्याच मार्मिकने अत्र्यांना पण सोडलं नाही, ठाकऱ्यांच्या ब्रशला अत्र्यांचा तो देह म्हणजे मेजवानीच होती, आणि मराठातून जी उत्तरं गेली ती मी इथं लिहीत नाही, घरचे वाचतात.