रादिकोफानीचा चढ

आळंदी ते पंढरपूर मी तीनदा चालले आहे, त्यामुळे पायांची काळजी नव्हती. काळजी होती एकटीने चालायची. सप्टेंबरात इटलीच्या तोस्काना प्रांतात सिएना ते रादिकोफानी असे तीन टप्पे चालले, सुमारे ८५ किलोमीटर. ही वाट म्हणजे व्हिया फ्रांचिजेना, इंग्लंडमधल्या कँटरबरीहून रोमला जाणारी यात्रेकरूंची जुनी वाट. ९९० साली सिजेरिक नावाच्या आर्चबिशपने रोमहून परतताना ७९ मुक्काम लिहून ठेवले. आजची वाट त्याच यादीवरून आखलेली आहे.

निघण्याआधी सिएनाच्या कॅथेड्रलसमोरचं सान्ता मारिया देल्ला स्काला पाहिलं. शेकडो वर्षं यात्रेकरूंची धर्मशाळा आणि रुग्णालय, आता संग्रहालय. तिथल्या भिंतींवर दोमेनिको दी बार्तोलोने १४४० च्या दशकात आजाऱ्यांची सेवा रंगवली आहे. मी बराच वेळ तिथे उभी राहिले.

शहर सुटलं की क्रेते सेनेसी. करड्या चिकणमातीच्या, नांगरून ठेवलेल्या उघड्या टेकड्या, मध्येच सरूंची रांग. सावली जवळजवळ नाहीच. टाळ नाही, वीणा नाही. समोरून कोणी आलं तर ‘बुऑन कम्मीनो’, म्हणजे ‘वाट सुखाची होवो’, म्हणतं, आणि माझ्या तोंडून ‘माउली’ निघून जायचं.

पहिल्या रात्री पाव घशाखाली उतरेना. तोस्कानातला पाव बिनमिठाचा असतो. दुसऱ्या दिवशी त्यावर पेकोरीनो, म्हणजे मेंढीच्या दुधाचं खारट चीज ठेवून खाल्लं आणि तो पाव आवडायला लागला. रिबोल्लीता तर माझ्या आजीने केली असती: शिळा पाव, पांढरा राजमा, काळसर पालेभाजी, सगळं पुन्हा उकळलेलं. पिची म्हणजे हाताने वळलेल्या जाड शेवया. लसूण-टोमॅटोत घोळवलेल्या त्या शेवया मी दोनदा मागून घेतल्या.

तिसरा टप्पा सर्वांत लांब, ३२ किलोमीटर. वाटेत बान्यो विन्योनी लागतं. तिथे गावाच्या चौकातच गरम पाण्याचं मोठं कुंड आहे. उजवीकडे आमियाता डोंगर, समोर रादिकोफानीच्या गढीचा बुरूज. तो बुरूज तासन्‌तास दिसतो, पण जवळ काही येत नाही. दिवे घाटात हजारो माणसं असतात, चढ कधी संपला ते कळत नाही. इथे मी एकटीच अभंग म्हणत चढले, धाप लागली की थांबले, पुन्हा म्हणू लागले.

वर यात्रेकरूंच्या धर्मशाळेत जेवणाआधी पाय धुण्याची जुनी रीत पाळतात. माझ्या वडिलांच्या वयाचे एक सेवेकरी गुडघ्यांवर बसले, माझ्या पायावर पाणी घातलं, पुसला आणि त्यावर ओठ टेकले. मी पाय मागे घ्यायला गेले, त्यांनी हलकेच धरून ठेवला. वारीत कोणी पाया पडलं की आपणही त्याच्या पाया पडतो. मी खाली वाकले, त्यांच्या पायांना हात लावला. त्यांनी मला उठवून उराशी धरलं.

मग सगळे जेवायला बसलो. तोच बिनमिठाचा पाव होता.