तापानं गेलेल्या शिपायाचा म्हाळ

सोलापूर स्टँडवर पुण्याकडची एसटी धरली, मोहोळ मागं पडलं आणि मोडनिंबला उतरलो. तिथून गाव जवळच. पणजोबा याच मोडनिंबहून १९१५ साली बार्शी लाइट रेल्वेच्या छोट्या गाडीत बसले होते. कुर्डुवाडी, मुंबई, मग बोटीनं थेट इराकातलं बसरा, तुर्कांविरुद्धच्या लढाईला.

चावडीच्या भिंतीत संगमरवरी पाटी आहे. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांनी आपल्याकडं गावोगावी बसवल्या, त्यांतलीच. गावातून इतकी माणसं १९१४ ते १९१९च्या लढाईला गेली, त्यांतली दोन कामी आली. नावं नाहीत. "त्या दोघांतले एक आपले," थोरली काकू म्हणाली आणि पदरानं पाटी पुसली.

पणजोबांना गोळी लागलीच नव्हती. ३० ऑक्टोबर १९१८ला तुर्कांशी शस्त्रसंधी झाली, ११ नोव्हेंबरला जर्मनीची लढाई थांबली. गावात तेव्हा पाऊस नव्हता, मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीनं घरंच्या घरं बसली होती. तरी पणजीनं साखर वाटली. माणूस जगला, आता येणार! माघात पत्र आलं. बसऱ्याच्या इस्पितळात तापानं गेले.

मग प्रश्न आला म्हाळाचा, पितृपक्षातल्या श्राद्धाचा. शस्त्रानं गेलेल्यांचा म्हाळ घात चतुर्दशीला. भटजी म्हणाले, हे तापानं गेले, तिथीही ठाऊक नाही, तेव्हा सर्वपित्रीला घाला. पणजी हटली नाही. "लढाईला गेले नसते, तर बसऱ्याचा ताप त्यांना कुठनं शिवला असता?" हे काकूनं तिच्याच तोंडून ऐकलेलं. जगली तोवर पणजीनं चतुर्दशीच पाळली.

मला तिचंच म्हणणं पटतं. बसऱ्याच्या युद्धस्मारकानंही शस्त्रसंधीपाशी रेघ मारलेली नाही. ऑगस्ट १९२१ अखेरपर्यंत गेलेले धरून तिथं ४० हजारांवर सैनिकांची नोंद आहे. पण आपल्या साध्या शिपायांची नावं त्या दगडावर कोरली नाहीत, पलटणीनुसार नुसते आकडे. चावडीवर आकडा, तिकडंही आकडा. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती, म्हणून यंदा मुद्दाम चतुर्दशी गाठून आलो.

काकूनं खीर, वडे, गवारीची भाजी, आमटी केली होती. पान घेऊन आम्ही माळवदावर गेलो. खाली शेतात तूर हिरवीगार, पलीकडं ज्वारीसाठी रान तयार. काकूनं पान ठेवलं, पाणी फिरवलं आणि पणजोबांचं नाव मोठ्यानं घेतलं, बापाच्या नावासकट, गावासकट.

"आता तू घे," ती म्हणाली.