शांता आपटे, कुंकू आणि माझं एक कॉन्ट्रॅक्ट

बुधवार, रात्र

शांता आपटेंबद्दल कधीचं लिहायचं मनात होतं, आज लिहूनच टाकते. दुपारी एक रेकॉर्डिंग कॅन्सल झालं, बाहेर पाऊस, मग लॅपटॉपवर 'कुंकू' लावला आणि हातातली सगळी कामं राहिली. पिक्चर १९३७ चा. प्रिंट खराब, मधेच आवाज खरखरतो, तरी एकदा ती नीरा, म्हणजे त्यातल्या शांताबाई, समोर आली की आपण उठत नाही.

मी आवाजाचं काम करते, व्हॉइसओव्हर, डबिंग, कंपन्यांचे ट्रेनिंगचे व्हिडिओ, मिळेल ते. त्यामुळे जुना पिक्चर बघताना माझं लक्ष आधी माईक कुठं असेल इकडेच जातं. श्वास कुठं घेतला, वाक्याचा शेवट गिळला का, मान वळवली तेव्हा आवाज लांब गेला का. आणि शांताबाईंचं काम तसं बघायला लागलं की कळतं ही बाई काय लेव्हलची होती.

आधी थोडं त्यांच्याबद्दल लिहून ठेवते, कारण माझ्या वयाच्या कुणाला विचारलं की 'शांता म्हणजे शेळके का' असं येतं, नाहीतर हुबळीकर. (शांता हुबळीकर 'माणूस'वाल्या, त्याही प्रभात फिल्म कंपनीच्याच, त्यांच्यावर वेगळं लिहायला पाहिजे.) शांता आपटे १९१६ च्या, सोलापूरकडच्या दुधनीच्या. गाणं पंढरपूरला शिकल्या. भालजी पेंढारकरांनी 'श्यामसुंदर'मधे राधा केलं ते १९३२ ला, म्हणजे वय सोळाच्या आसपास, कृष्ण होते शाहू मोडक, आणि तो पिक्चर मुंबईत पंचवीस आठवड्यांच्या वर चालला, बोलपट येऊन जेमतेम वर्ष झालं होतं तेव्हा! तोही पुण्याचाच, सरस्वती सिनेटोनचा. मग प्रभात. प्रभात कोल्हापूरहून पुण्याला आली १९३३ ला आणि इथे केलेला पहिला पिक्चर 'अमृतमंथन', १९३४. त्यात नायिका नलिनी तर्खड, शांताबाई नायकाची बहीण सुमित्रा. लोकांना त्यातले चंद्रमोहनचे डोळे आठवतात, बरोबरच आहे, ते डोळे विसरण्यासारखे नाहीतच. पण गाणी आठवून बघा.

तेव्हा प्लेबॅक नव्हतं, म्हणजे गाणं आधी वेगळं रेकॉर्ड करून मग त्यावर ओठ हलवायची सोय नव्हती. हे आपण नुसतं वाचतो आणि पुढे जातो, पण मी रोज पॉप फिल्टरच्या, म्हणजे माईकपुढच्या जाळीच्या, पुढे बसणारी बाई आहे, मला ते वाचून घाम फुटतो. कॅमेरा चालू, वर दिवे तापलेले, साथीदार फ्रेमच्या बाहेर कुठंतरी दडून बसलेले, माईक दिसणार नाही असा टांगलेला, आणि नटीने त्याच टेकमधे गायचंही, अभिनयही करायचा, तबलजीचा ठोका चुकला तरी रिटेक, हिची एक हरकत घसरली तरी रिटेक. म्हणून मग त्या काळातली बरीच गाणी कशी दिसतात, माणूस एका जागी खिळल्यासारखा उभा, नजर समोर, हात अंगाशी, कधी एकदा गाणं संपतंय असं. शांताबाई तशा उभ्या राहत नाहीत. गाताना त्यांची नजर फिरते, भुवई वर जाते, हात उचलला जातो, मान एका बाजूला जाते आणि सूर तिथल्या तिथे राहतो. सिनेमाच्या इतिहासाच्या पुस्तकांतही हे नोंदवलेलं आहे, की ताठ उभं राहून गाण्याच्या त्या पद्धतीत हा मोकळेपणा त्यांनी आणला. मी आज एक गाणं मागे-पुढे करून फक्त खांदे बघत होते. श्वास घेताना खांदा उचलला जात नाही. सगळं खालून, पोटातून. आमच्या क्लासमधे हे अजून शिकवतायत.

साउंड दामले मामा बघायचे, विष्णुपंत दामले, आणि संगीत केशवराव भोळ्यांचं. भोळ्यांनी प्रभातमधे पियानो, हवाईयन गिटार, व्हायोलिन असं सगळं आणलं, पण माझ्या मते त्यांची खरी मोठी गोष्ट ही की नाटकातलं लांबलचक पद सिनेमात आणायचं नाही, प्रसंगाला लागेल तेवढंच गाणं, असं त्यांनी धरून ठेवलं. शांताबाईंच्या आवाजाला ते फिट्ट बसलं. तो आवाज काही मखमली वगैरे नाही. धारदार आहे, सरळ येतो, थोडा अंगावर येतो. गोड गळा ऐकायचा असेल तर तेव्हाही दुसऱ्या होत्या. मला हाच आवडतो.

आणि म्हणूनच नीरा. 'कुंकू' ना. ह. आपट्यांच्या कादंबरीवरून, शांतारामबापूंचं दिग्दर्शन. मामा फसवून म्हाताऱ्या वकिलाशी लग्न लावून देतो आणि ही मुलगी ते लग्न मानतच नाही, बस. रडत बसत नाही, विहीर जवळ करत नाही, घरात राहून रोज नाही म्हणते. सावत्र मुलगा अंगचटीला येतो तर छडी घेऊन त्याला झोडपून काढते. १९३७ ला हे थिएटरात बसून बघणाऱ्या बायकांचं काय झालं असेल! माझी मावशी नारायण पेठेत राहते, तिला संध्याकाळी फोन केला तर म्हणाली, "अगं, माझी आई सांगायची, बायका पिक्चर बघून आल्या की स्वयंपाक करताना दोन-दोन दिवस तेच बोलत होत्या." मग थोडं थांबून म्हणाली, "आणि पुरुष गप्प होते म्हणे." मावशीच्या या वाक्यावर मी पुढे काही बोललेच नाही.

त्या पिक्चरला पार्श्वसंगीत नाही, मुद्दाम. कानावर येतं ते त्या घरातलं किंवा रस्त्यावरचं काहीतरी, आणि ते घड्याळ. आजच्या सिरियलींत प्रत्येक भुवईला ढॅण-ढॅण असतं त्याच्यापुढे ही शांतता भयंकर वाटते, म्हणजे चांगल्या अर्थाने भयंकर. त्यात मधेच नीरा लाँगफेलोची इंग्रजी कविता गाते. काहींना ते उपरं वाटतं, मामाच्या घरी वाढलेली मुलगी इंग्रजी कशी काय गाते वगैरे. मला नाही वाटत. ती अख्खी कविता हातपाय गाळू नका, लढा असं सांगणारी आहे, आणि त्या घरात तिच्याशी तसं बोलणारं कुणी नाही तर ती स्वतःच स्वतःला ते म्हणते. आणि उच्चार मराठी आहेत ते झाकायचा प्रयत्न नाही, ते तर मला फारच आवडलं.

केशवराव दात्यांचे काकासाहेब, म्हणजे तो वकील नवरा, हा वेगळ्या पानाचा विषय, कारण त्या म्हाताऱ्याचा राग येता येता कधी कीव यायला लागते ते कळत नाही. आणि त्यांची मुलगी चित्रा म्हणजे शकुंतला परांजपे, रँग्लर परांजप्यांची मुलगी, ज्यांनी र. धों. कर्व्यांच्या बरोबरीने संततिनियमनाचं काम केलं. म्हणजे पडद्यावर जी समाजसेविका आहे ती बाहेरही तीच. आणि दुसरी तशीच निघाली ती शांताबाई.

कारण दोनच वर्षांनी, १९३९ ला, शांता आपटे प्रभात स्टुडिओच्या गेटवर उपोषणाला बसल्या. कंपनीशी कराराचा वाद होता. वय तेवीस. 'गोपाल कृष्ण' वर्षापूर्वीच आलेला, त्यात त्या राधा, रामभाऊ मराठे लहानगे कृष्ण, नाव सगळीकडे झालेलं. अशी नटी स्वतःच्याच कंपनीच्या दारात उपाशी बसते! तेव्हा नट, नटी, गायक सगळे महिन्याच्या पगारावर असायचे, कंपनी सांगेल तो रोल, कंपनी सांगेल तेव्हा, करार संपेपर्यंत बाहेर काम नाही. प्रभातची शिस्त, प्रभातचा दर्जा, हे आपण पुणेकर अभिमानाने सांगतो आणि सांगावंच, मीही सांगते, प्रभातच्या जागेवरच्या एफटीआयआयवरून, फिल्म इन्स्टिट्यूटवरून जाताना अजून छाती फुगते. पण तो दर्जा ज्यांच्या गळ्यातून आणि अंगातून आला त्यांना त्या कागदावर किती जागा होती हेही त्याच गोष्टीत सांगायला पाहिजे ना. कुंकूचं कौतुक करताना प्रभात किती पुरोगामी म्हणायचं आणि उपोषणाचा विषय निघाला की बाई तापट होती म्हणायचं, हे मला पटत नाही. नीरा नाही म्हणते तेव्हा टाळ्या आणि शांताबाई नाही म्हणतात तेव्हा तमाशा?

त्यानंतर त्यांनी प्रभात सोडली. आणि १९४० ला पुस्तक काढलं, 'जाऊ मी सिनेमात?' नाव. सिनेमात यायचं म्हणणाऱ्या मुलींसाठी. मी त्याचे उतारेच वाचलेत, पण तेवढ्यावरूनही दिसतं की हे आठवणींचं, फोटोंचं पुस्तक नाही. मालक, पैसा, काम करणाऱ्याचं पिळवटून निघणं, बाईकडे बघायची नजर, हे सगळं धंद्याच्या आतून लिहिलंय, आणि करिअर ऐन भरात असताना लिहिलंय, रिटायर होऊन नाही.

पुढे त्या पुण्यात अडकून राहिल्या नाहीत. १९४१ च्या तमिळ 'सावित्री'साठी तमिळ शिकल्या, त्यात त्या सावित्री आणि नारद कोण, तर एम. एस. सुब्बुलक्ष्मी! मग १९४२ ला लाहोरच्या पंचोलींचा 'जमीनदार'. फ्रीलान्स हा शब्द आज आपण सहज वापरतो, तेव्हा दुर्गाबाई खोटे आणि यांच्यासारख्या दोन-चार जणींनीच कंपनीच्या बाहेर पडून आपापलं काम स्वतः ठरवायची हिंमत केली. १९४६ ला मास्टर विनायकांच्या 'सुभद्रा'त त्यांचं एक द्वंद्वगीत आहे, सोबत गाणारी मुलगी लता मंगेशकर, तेव्हा सोळा-सतरा वर्षांची. ते ऐकताना मला फार चमत्कारिक वाटतं. एक आवाज असा की ज्याला स्वतःचा चेहरा आहे, स्वतःचे हात आहेत, आणि शेजारचा आवाज असा की जो पुढे पन्नास वर्षं दुसऱ्यांच्या चेहऱ्यांना पुरणार आहे. यात कमी-जास्त काही नाही, लताबाईंबद्दल मी काय बोलणार. पण गाणारी नटी ही जातच त्या सुमारास संपत चालली होती. एकदा गळा वेगळा आणि चेहरा वेगळा मिळायला लागल्यावर दोन्ही एकाच माणसात शोधायची गरज कुणाला राहिली? चाळीसच्या दशकाच्या शेवटी, पन्नासच्या दशकात शांताबाईंचे पिक्चर येत राहिले पण ती हवा नव्हती. २४ फेब्रुवारी १९६४ ला मुंबईत, अंधेरीला गेल्या. वयाची पन्नाशीही नाही. अभिनेत्री नयना आपटे त्यांची मुलगी, हे तरी बऱ्याच जणांना माहीत असतं.

आता हे सगळं आजच का लिहितेय तर ते कॉन्ट्रॅक्ट. एका क्लायंटने पाठवलंय, नाव लिहीत नाही. पैसे बरे आहेत, नेहमीपेक्षा बरेच बरे. पण त्यात मधेच एक कलम आहे, बारीक अक्षरात पण नाही, सरळ लिहिलंय, की रेकॉर्ड केलेल्या आवाजावरून कृत्रिम आवाज तयार करायचा आणि तो कुठंही, कधीही वापरायचा हक्क त्यांचा. म्हणजे मी घरी झोपलेली असेन आणि माझा आवाज कुठल्यातरी बँकेची, कुठल्यातरी पार्टीची वाक्यं बोलत असेल, जी मी जन्मात बोलणार नाही. ओळखीतल्या एकाने तर सांगितलं, "ताई, सगळे सही करतायत, तुम्ही नाही केलीत तर दुसरी करेल." खरंय, करेल. तिला मी दोष देणार नाही, प्रत्येकीचे हप्ते असतात, माझेही आहेत.

पण दुपारी नीराला बघताना मला सारखं वाटत होतं की हिचा आवाज हिच्यापासून वेगळा काढून दाखवा बघू कुणी. सूर त्या मानेतून येतो, त्या रागातून येतो. शांताबाई कशासाठी भांडल्या असतील ते मी माझ्यापुरतं असं समजते की गळा माझा, अंग माझं, तर वेळ आणि किंमत ठरवताना मलाही विचारा. करारावर दोन बाजूंची सही असते ती त्याचसाठी ना.

रात्री जेवणानंतर क्लायंटला मेल टाकलाय. ते कलम काढा, नाहीतर तेवढ्याच एका प्रोजेक्टपुरतं, एक वर्षासाठी, आणि वाढवायचं असेल तर परत पैसे आणि परत परवानगी, असं लिहिलंय. भाषा नम्र ठेवली, मुद्दा नाही ठेवला नम्र. रेट पण लिहिला. अजून उत्तर नाही.

उद्या सकाळी फिल्म अर्काईव्हच्या लायब्ररीत फोन करून विचारायचंय की 'जाऊ मी सिनेमात?' तिथे बसून वाचता येईल का. मावशी म्हणाली मीपण येते, चष्मा नवीन केलाय.