सेकंड शिफ्ट आणि ड्रॉप सी

नाशिकमध्ये नोकरी करणाऱ्यांचा मेटल बँड उभा करायचा असेल, तर गिटार कोणती आणि अँप कोणता याच्याही आधी सगळ्यांच्या शिफ्टचा तक्ता कागदावर मांडावा लागतो. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत साधारण चित्र असं: फर्स्ट सकाळी सात ते दुपारी साडेतीन, सेकंड साडेतीन ते रात्री बारा, मग नाईट, आणि दर आठवड्याला शिफ्ट फिरते. समजा गिटारवाला, बेसवाला आणि ड्रमर तिघेही रोटेशनवर आहेत आणि तिघांची शिफ्ट वेगळी आहे. पहिल्या आठवड्यात बेसवाला सेकंडला, दुसऱ्यात गिटारवाला, तिसऱ्यात ड्रमर. म्हणजे संध्याकाळी तिघे एकत्र मोकळे असा एकही आठवडा कधीच येत नाही. वर्षभर वाट पाहिली तरी येणार नाही, कारण चक्र तेच आहे.

दोघेच रोटेशनवर असतील आणि त्यांच्यात एका शिफ्टचा फरक असेल, तर तीन आठवड्यांतून एक आठवडा जुळतो, आणि त्यातही एकाला जॅम (एकत्र सराव) संपवून थेट नाईटला जावं लागतं. पण सगळे एकाच शिफ्टला असतील तर तीनपैकी दोन आठवडे संध्याकाळ मिळते. म्हणून बँडमधल्या लोकांनी आपापल्या सुपरवायझरकडे शिफ्ट बदलून घेण्याचा अर्ज एकदाच, पण वेळेवर करणं हे नवीन पेडल घेण्यापेक्षा कितीतरी मोलाचं काम आहे. अदलाबदल करणारा सहकारी आधी शोधून ठेवला आणि त्याचं नाव अर्जात लिहिलं, तर सुपरवायझरलाही हो म्हणणं सोपं जातं.

सुट्टीचाही घोळ असतो. सातपूर-अंबडच्या बऱ्याच कारखान्यांना शनिवारी सुट्टी, आयटी आणि बँकवाल्यांची रविवारी. शनिवारी संध्याकाळी सहानंतरची वेळ दोघांनाही चालते, म्हणून तीच पक्की धरावी. बँडमध्ये निफाड-दिंडोरीकडचा द्राक्षबागवाला असेल तर त्याचंही कॅलेंडर मांडा. ऑक्टोबर छाटणीनंतर महिना-दीड महिना डावणी-भुरी या रोगांवरच्या फवारण्या आभाळ बघून ठरतात. ढग आले की त्याला बागेतच थांबावं लागतं. पुढे काढणी, मग एप्रिलची खरड छाटणी. अशा माणसावर नोव्हेंबरच्या गिगची, म्हणजे कार्यक्रमाची, भिस्त ठेवायची असेल तर त्याचे पार्ट पावसाळ्यातच बसलेले हवेत. कारखानेवाल्यांचा मार्च एंडही असाच. तेव्हा रेकॉर्डिंगचं काम जून ते सप्टेंबर आणि गिग डिसेंबरच्या आसपास, ही वाटणी आपल्याकडे चालते.

एकत्र वेळ आठवड्याला अडीच-तीन तासच मिळणार हे मान्य केलं की पुढचा प्रश्न उरतो, त्या वेळात काय करायचं? माझं मत ठाम आहे. एकट्याने होऊ शकतं ते एकही काम जॅमरूममध्ये करू नये. रिफ पाठ करणं, सोलो बसवणं, शब्द लक्षात ठेवणं हे घरचं. एकत्र बसून फक्त टेम्पोचे बदल, ब्रेकडाउनमध्ये (गाण्यातला संथ, जड भाग) शिरणं-निघणं, गाण्याचा शेवट आणि दोन गाण्यांमधली जोड. घरचं काम नीट व्हावं म्हणून प्रत्येक गाण्याचा क्लिकसह (टेम्पो देणारी टिकटिक) डेमो असावा. रीपरसारख्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये आधी टेम्पो मॅप करा, मग प्रोग्रॅम केलेले ड्रम, मग गिटार थेट इंटरफेसमधून (गिटार कॉम्प्युटरला जोडणारं यंत्र). २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, आणि पीक (सर्वांत मोठा आवाज) उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये. प्रत्येकाने आपली फाइल गाण्याच्या पहिल्या बारपासूनच एक्स्पोर्ट करायची, मधला तुकडा पाठवायचा नाही. हा नियम मोडला की पुढची संध्याकाळ फाइली सरकवण्यात जाते. फाइलच्या नावात गाणं, बीपीएम (मिनिटाला ठोके), वाद्य आणि तारीख. ‘फायनल’ आणि ‘फायनल २’ या नावांवर बंदी घाला.

ड्रमरची गोष्ट वेगळी. १८० बीपीएमला डबल बेसचे (दोन्ही पायांनी वाजवलेला बेस ड्रम) सोळांश, एका ठोक्यात चार, म्हणजे सेकंदाला बारा ठोके. आठ तास उभं राहून आलेल्या पायांनी आठवड्यातून एकदा बसून ते येत नाही. म्हणून घरी दोन पेडल, जुन्या टायरच्या रबराचे दोन तुकडे जाड प्लायवर ठोकलेले, आणि रोज वीस मिनिटं. सलग एक मिनिट स्वच्छ वाजलं तरच चार बीपीएम वाढवायचे. नडगीचा स्नायू जळायला लागला की थांबायचं. ताठरलेल्या पायाने वाजवत राहिलं की दोन पायांतलं अंतर असमान होतं आणि तीच सवय लागते.

हाताची काळजी हा विषय या संगीताच्या मुळाशीच आहे. १९६५ मध्ये बर्मिंगहॅमच्या एका शीट मेटल कारखान्यात, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, सतरा वर्षांच्या टोनी आयोमीच्या (पुढे मेटलची सुरुवात करणाऱ्या ब्लॅक सॅबथ बँडचा गिटारवाला) उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं मशीनखाली गेली. तो डावखुरा, म्हणजे फ्रेटवर तारा दाबणारा हात तोच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोप्या केल्या, त्यावर चामडं लावलं, बारीक तारा चढवल्या. पुढे १९७१ च्या सुमारास ब्लॅक सॅबथने तारा तीन सेमिटोन (अर्धे स्वर) खाली उतरवल्या, त्यामुळे बोटांवरचा ताण कमी झाला आणि आवाज जड झाला. ज्या आवाजाच्या मागे आपण आहोत, त्यात एका प्रेस शॉपचा अपघात आहे. तेव्हा प्रेसवर टू-हँड बटण (दोन्ही हातांनी दाबल्याशिवाय मशीन न चालवणारं) बायपास करायला कोणी सांगितलं तर सरळ नकार द्या. पत्रा हाताळताना कट-रेझिस्टंट हातमोजे घाला. मात्र ड्रिल, लेथ अशा फिरत्या मशीनवर हातमोजा घालायचा नसतो, तो ओढला जातो. मशीन थंड ठेवणाऱ्या कूलंटमध्ये दिवसभर भिजलेल्या बोटांचे घट्टे मऊ पडतात आणि वाजवताना सोलतात. शिफ्ट सुटल्यावर साबणाने हात धुऊन, पूर्ण कोरडे होऊ देऊन मगच गिटार उचलावी. तारांनाही ते मानवतं, नाहीतर आठवड्यात गंज धरतात.

गिटारच्या सेटअपमध्ये मात्र टूलरूमवाल्याचा हात कोणी धरू शकत नाही, कारण फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) त्याच्या खिशातच असतं. साडेपंचवीस इंच स्केलवर (तारेची वाजणारी लांबी) ड्रॉप सी लावायचा, म्हणजे सगळ्या तारा उतरवून सर्वांत जाड तार सी सुरावर आणायची, तर ११-५४ किंवा १२-५६ चा सेट घ्या (सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात). १०-४६ वर जाड तार लोळते आणि जोरात मारली की सूर क्षणभर वर चढतो; दोन गिटार एकत्र वाजल्या की तो घाण आवाज त्यातून येतो, आणि लोक दोष मात्र डिस्टॉर्शनला देतात. जाड तार जुन्या नटच्या (गिटारच्या डोक्यापाशी तारा धरणारी पट्टी) खाचेत अडकते, तेव्हा सुई-फाइलने खाच तेवढीच रुंद करा, खोली वाढवू नका. मग पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारी क्लिप), शेवटच्या फ्रेटवर बोट, आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेटमधलं अंतर मोजा: ०.२ ते ०.२५ मिमी, म्हणजे आठ ते दहा थाउ (इंचाचा हजारावा भाग). ट्रस रॉड (गळ्याचा वाक बदलणारी सळई) एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. बाराव्या फ्रेटवर ॲक्शन (तारेची उंची) दीड ते दोन मिमी. शेवटी इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर यावा म्हणून तारेची लांबी जुळवणं), तेही नव्या तारांवर. नाशिकच्या पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि डिसेंबरच्या थंडीत पुन्हा आकसतं, त्यामुळे हे काम वर्षातून निदान दोनदा करावंच लागतं.

आता जागा. रहिवासी भागात आवाजाची कायदेशीर मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सहा ४५ डेसिबल आहे. औद्योगिक भागात ७५ आणि ७०. ॲकॉस्टिक ड्रम खोलीत सहज शंभरावर जातात. सिडको किंवा इंदिरानगरच्या बंगल्यातली मागची खोली म्हणूनच फार काळ टिकत नाही आणि अंबडचा गाळा टिकतो. भिंतीला अंड्याचे ट्रे किंवा फोम लावून आवाज बाहेर जायचा थांबत नाही. त्याने खोलीतला वरचा किणकिणाट थोडा कमी होतो, एवढंच. आवाज अडवायला वजन लागतं आणि फट बंद लागते. जागा स्वतःची असेल तर भिंतीला न टेकणारी जीआय फ्रेम, आत ५० मिमी रॉकवूल (घनमीटरला ४८ किलो डेन्सिटीचं), वर १२.५ मिमी जिप्समचे दोन थर, सांधे एकमेकांवर येऊ न देता, कडा सीलंटने बंद. पत्र्याच्या छताखाली आतलं वेगळं छत हवंच, नाहीतर सगळा आवाज वरून जातो आणि जुलैत पावसाचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये येतो. दाराखालची बोटभर फट भिंतीवरचा बराचसा खर्च वाया घालवते. दारांना रबर गास्केट आणि खाली पट्टी लावा. बंद खोलीत चार माणसं तीन तास असतात आणि स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, म्हणून आतून अस्तर लावलेल्या, दोन वळणं दिलेल्या डक्टवर छोटा एक्झॉस्ट ठेवा.

बेस ड्रम हवेपेक्षा जमिनीतून जास्त जातो. त्याला उपाय स्वस्त आहे: १८ मिमी प्लायचे दोन थर आणि मध्ये दर फुटाला एक टेनिस बॉल, भोकात बसवलेला. त्यावर ड्रम सेट. भाड्याच्या जागेत भिंतींवर पैसे घालू नका. इलेक्ट्रॉनिक ड्रम, आठ इनपुटचा इंटरफेस, लॅपटॉपवर अँप सिम्युलेटर (अँपचा आवाज देणारं सॉफ्टवेअर) आणि चार चॅनलचा हेडफोन अँप घेतला की रात्री अकरालाही प्रॅक्टिस होते. मात्र खाली कोणी राहत असेल तर तिथेही टेनिस बॉलचा प्लॅटफॉर्म लागतोच, कारण किक पेडलची धडधड तशीच खाली उतरते.

विजेबद्दल थोडक्यात, पण हे टाळू नका. अर्थिंगची पिन कधीही कापायची नाही. हम (सततची घरघर) येत असेल तर सगळे अँप आणि मिक्सर एकाच बोर्डवरून घ्या. गिगच्या जागी पोचल्यावर मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज बघा; दोन-तीन व्होल्टच्या वर असेल, किंवा माइकला ओठ लागून चटका बसत असेल, तर वायरमन येईपर्यंत वाजवायचं नाही. लग्न आणि गणपतीचे साऊंडवाले भला मोठा बास आणतात, पण त्यांच्याकडे माइक कमी असतात. त्यांना आधीच यादी पाठवा: किक, स्नेअर, टॉमना दोन, ओव्हरहेड दोन, गिटार अँपला दोन, बेस डीआय (बेसची मिक्सरला थेट जोडणी), गाणाऱ्याचा एक. दहा चॅनल. सबवूफर निम्म्यावर आणायला सांगा, नाहीतर डबल बेसचे ठोके एकात एक मिसळतात.

मुंबईच्या गिगसाठी पंचवटी एक्स्प्रेस जायला ठीक, परतीला निरुपयोगी. ती सव्वासहाला सीएसएमटीहून निघते. म्हणजे परतीला स्वतःची गाडी आली, आणि कसारा घाट रात्री आला. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे टप्पा २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून घाट टाळता येतो, पण झोप टाळता येत नाही. सोमवारी फर्स्ट असेल तर रविवारचं गिग घेऊ नये, किंवा एक सीएल (कॅज्युअल लीव्ह) आधीच टाकावी. चालवणारा माणूस न वाजवणारा असावा, आणि दुपारी झोपलेला. सोबत फक्त स्नेअर, सिम्बल, पेडल, गिटार आणि पेडलबोर्ड. ड्रमचे शेल (मुख्य ढोल) आणि कॅबिनेट (अँपचे स्पीकर) तिथलेच.

कान शेवटी ठेवले, कारण इथे नोकरी आणि बँड एकाच खात्यातून खर्च करतात. ८५ डेसिबलला आठ तास ही सुरक्षित मर्यादा मानली जाते, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते: ८८ ला चार तास, ९४ ला एक तास, १०० ला फक्त पंधरा मिनिटं. प्रेस शॉपमध्ये आठ तास काढलेल्या माणसाचा दिवसाचा हिस्सा शिफ्टमध्येच संपलेला असतो. संध्याकाळचा जॅम पूर्ण उधारीवर चालतो. त्यामुळे कारखान्यात फोमचे प्लग नीट, पिळून, कान वर ओढून आत बसवायचे. जॅममध्ये फिल्टरवाले म्युझिशियन प्लग घ्या, ते सगळ्या फ्रिक्वेन्सी जवळपास सारख्या कमी करतात. फोममध्ये सिम्बल आणि पिकचा ॲटॅक गायब होतो, मग सगळे अँप वाढवतात. गाणाऱ्यानेही मशीनवर ओरडून बोलणं सोडावं, हातवारे करावे. दिवसभर ताणलेल्या घशाने ग्रोल (गुरगुरल्यासारखं गाणं) करायला गेलं की आवाज बसतो.

कंपनीत दरवर्षी ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) होत असेल तर रिपोर्टची प्रत मागून घ्या आणि ३००० ते ६००० हर्ट्झचे आकडे बघा. आवाजाने होणारं नुकसान आधी तिथे, विशेषतः ४००० ला, खाच पडून दिसतं. मागच्या वर्षीपेक्षा ऐकणं १० डेसिबलने खाली गेलं असेल (म्हणजे आकडा तेवढा वाढला असेल), किंवा जॅमनंतरची शिटी दुसऱ्या दिवशीही कानात असेल, तर पुढचं गिग पुढे ढकला आणि आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा.