पहिला चेरोकी पर्पल

आज सकाळी कुंडीतला पहिला चेरोकी पर्पल टोमॅटो तोडला. रोप लावून ८० दिवस वाट पाहिली याची. देठाजवळ अजून हिरवट, बाकी रंग असा की लाल म्हणावं तर मळकट, जांभळा म्हणावं तर लालसर. घरातून लगेच प्रश्न, "हा सडलाय का गं?" कापल्यावर मात्र सगळे गप्प. आत गर्द किरमिजी गर, बियांभोवती हिरवट जेली. या वाणाचं बी १९९० मध्ये अमेरिकेतल्या टेनेसीहून एका पत्रातून क्रेग लेहुलियर या टोमॅटोची जुनी वाणं जपणाऱ्या बागकाम करणाऱ्याकडे आलं, नावही त्यांनीच दिलं.

शेजारच्या कुंडीतला ब्रँडीवाइन टोमॅटो मात्र तडकला. चूक माझीच. दोन दिवस पाणी घालायला विसरले आणि मग एकदम भसाभस ओतलं. पातळ सालीला ते कुठलं झेपतंय! (त्याची पानं बटाट्यासारखी असतात, सुरुवातीला मी ते रोप उपटणारच होते.)

तडकलेल्या फळाचं बी त्याच्याच रसात वाटीत ठेवलंय. दोन-तीन दिवसांत आंबून जेली सुटेल, मग धुऊन वाळवायचं. हायब्रीड असता तर या खटपटीला अर्थ नव्हता, पुढच्या रोपाला कसलं फळ धरेल याचा भरवसाच नाही.

वाटीला वास सुटणार, हे घरात आधीच सांगून ठेवलंय.