वाल्ह्याच्या माळावर थांबलेले टाळ

रोज पहाटे मी वीस मिनिटं नामस्मरणाला बसते. दोन मिनिटं होत नाहीत तोच मन धाकट्या भावाशी भांडायला जातं. बाबा गेल्यावर घराच्या वाटणीवरून आमचं बोलणं बंद झालं, त्याला वर्ष होत आलं होतं. तो काय म्हणाला, मी काय म्हणायला हवं होतं, तेच तेच. मग मनाला दटावायचं, डोळे आणखी घट्ट मिटायचे आणि शेवटी दमून उठायचं. आळंदीहून वारीला निघताना वाटलं होतं, वाटेत तरी यातून सुटका होईल.

नाही झाली. पुणे ते सासवड ही सगळ्यांत लांबची वाटचाल, ३० किलोमीटरच्या आसपास, आणि त्यात दिवे घाट. माझ्या हातात टाळ होते. चढावर भाऊ मनात आला आणि ठोका चुकला. घरी मन भरकटलं तर कुणाला पत्ता लागत नाही. दिंडीत टाळ लगेच बोलतो. चुकलेलं सावरायला गेले तर आणखी दोन ठोके चुकले. शेजारच्या मावशी चालता चालता म्हणाल्या, "माउली, गेला तो गेला. धृपद येतंय, तिथं धरा."

दर चरणानंतर धृपद परत येतंच. इतकी वर्षं अभंग म्हणतेय, पण भरकटलेल्याला परतायची जागा त्यातच ठेवलेली आहे, हे मला त्या चढावर जाणवलं.

तरी भाऊ पुन्हा पुन्हा येतच राहिला. वाल्ह्याच्या मुक्कामी समाज आरतीला गेले. मोकळा माळ, पालखीभोवती सगळ्या दिंड्या उभ्या, हजारो टाळ एका वेळी वाजत होते. चोपदारांनी दंड उंचावला आणि सगळं एकदम शांत झालं. फक्त एका दिंडीचे टाळ वाजत राहिले. रीतच तशी आहे: ज्या दिंडीची तक्रार असेल तिनं टाळ थांबवायचे नाहीत. त्यांना कुणी दटावलं नाही. चोपदार तिथं गेले, म्हणणं ऐकून घेतलं, आणि टाळ आपोआप थांबले. मग हरवल्या-सापडल्याची यादी वाचली गेली आणि आरती सुरू झाली.

त्या रात्री राहुटीत झोप लागेना. मनात येणारा प्रत्येक विचार काही तक्रार घेऊन आलेला नसतो. पायाचे फोड, उद्याचं ऊन, पाऊस येईल का, हे येतं आणि जातं; त्यांच्यासाठी धृपद पुरतं. पण वर्षभर वाजतच राहिलेला हा एक टाळ मी कधी ऐकूनच घेतला नव्हता, नुसता गप्प बसवत होते. तेव्हा पहिल्यांदा विचारलं, काय म्हणणं आहे? घराचं नव्हतंच ते. बाबांच्या शेवटच्या रात्री भावानं मला उशिरा कळवलं, माझी भेट हुकली. एवढंच होतं, आणि ते फार मोठं होतं. अंधारात बराच वेळ रडले. शेजारच्या मावशींनी काही विचारलं नाही, नुसता पाठीवर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी नीरेत माउलींच्या पादुकांचं स्नान झालं. त्या गर्दीतही भाऊ आठवला, यावेळी बाबांच्या उशाशी एकटाच बसलेला. त्या रात्री त्याचं काय झालं असेल, हे मी त्याला कधी विचारलंच नव्हतं.

लोणंदला पोचेपर्यंत ठोका चारदा चुकला. चारही वेळा धृपदावर परत आले.