तार

मार्केट यार्डात बटाट्याच्या गाळ्यावर तोलणार म्हणून काम करणारे काका, वय ५२. बारा दिवस हुडहुडी भरून ताप. विडालच्या रक्ततपासणीत 'टायफॉइड' निघाला होता (ज्याच्या विडालमध्ये काहीच निघत नाही असा माणूस मला अजून भेटायचाय) आणि अँटिबायोटिकचे दोन कोर्स पोटात गेले होते. उजवा खांदा दुखायचा म्हणून बायको रोज बाम चोळत होती. डायफ्रामची नस आणि खांद्याची संवेदना मानेतल्या एकाच मुळाशी जुळलेल्या असतात, त्यामुळे लिव्हरचं दुखणं खांद्यात बोलतं. शुगर आयुष्यात कधी तपासलेली नव्हती. आमच्याकडे आले तेव्हा ती ३८० होती, आणि लिव्हरच्या उजव्या भागात ९ सेंटिमीटरचं गळू.

एवढं मोठं गळू नुसत्या सलाइन-इंजेक्शनवर सोडत नाहीत. नळी घालून पू काढावाच लागतो, आणि ते काम माझं. फासळीच्या वरच्या कडेला लागून सुई घालायची, कारण खालच्या कडेने रक्तवाहिनी आणि नस जाते. फुप्फुसाचं आवरण चुकवायचं. गळवाच्या आधी थोडं निरोगी लिव्हर मुद्दाम वाटेत ठेवायचं, म्हणजे पू पोटात गळत नाही. मग सुईतून तार, तारेवरून वाट रुंद करणारा डायलेटर, मग तारेवरूनच पिगटेल नावाची नळी. आत गेल्यावर टोक डुकराच्या शेपटीसारखं वळतं आणि नळी निसटत नाही. आणि धुवायच्या उत्साहात सलाइन जोरात मारायचं नाही. जंतू रक्तात ढकलले जातात आणि तासाभरात पेशंट थडथड उडायला लागतो. हे मी दर सहा महिन्यांनी नव्या रेसिडेंटला सांगते, आणि दर सहा महिन्यांनी कुणीतरी मारतोच.

त्या गुरुवारी १८० मिली पू निघाला. वॉर्डात सगळ्यांनी अमीबा धरला होता. दारू पिणारा, पन्नाशीचा पुरुष म्हटला की आपल्याकडे तोच अंदाज. अमीबाचा पू चॉकलेटी असतो. पुस्तकं त्याला अँचोव्ही सॉसची उपमा देतात, आणि तो सॉस पाहिलेला एकही विद्यार्थी मला अजून सापडलेला नाही. हा पिवळट-हिरवा होता, आणि चिकट. सिरिंज उचलली तर टोकापासून एकतारी पाकासारखा ओढला गेला. मी सिस्टरला गंमत म्हणून दाखवलासुद्धा.

शुक्रवारी ताप उतरला. शनिवारी दुपारी मायक्रोबायोलॉजीतून फोन आला : क्लेब्सिएला नावाचा जंतू, आणि बशीत वाढलेल्या त्याच्या ठिपक्याला, म्हणजे कॉलनीला, लूपचं छोटं कडं लावून ओढल्यावर तार ५ मिलिमीटरच्या बरीच वर. सेफ्ट्रिॲक्झोन या अँटिबायोटिकला दाद देणारा. मी रेसिडेंटला कळवलं, 'सेफ्ट्रिॲक्झोन चालू ठेवा, अमीबासाठीचं मेट्रोनिडाझोल बंद केलं तरी चालेल.' आणि घरी गेले.

तार देणारा हा क्लेब्सिएला लिव्हरमध्ये गप्प बसत नाही, रक्तातून डोळ्यात जातो. तैवानच्या डॉक्टरांनी अशा सात केसेस १९८६ सालीच छापल्या. मला हे पाठ आहे. एमडीच्या तोंडी परीक्षेत याच प्रश्नावर शाबासकी मिळाली होती.

सोमवारी सकाळी नळी बघायला गेले. पू जेमतेम १० मिली. काका खुशीत होते, जाता जाता म्हणाले, "मॅडम, डाव्या डोळ्यापुढं जाळं आलंय जरा."

"कधीपासून?"

"शनवारपास्नं. डॉक्टरांना सांगितलं हुतं. ते म्हणले शुगर खाली आली की हुईल बरोबर."

अर्ध्या तासात डोळ्यांचे डॉक्टर आले, बाहुली मोठी करून पाहिली, त्याच दिवशी डोळ्यात व्हॅन्कोमायसिन आणि सेफ्टाझिडिम या अँटिबायोटिकची इंजेक्शनं दिली. शनिवारी दिली असती तर? त्यांना विचारलं. म्हणाले, या जंतूने, लवकर पकडलं तरी, डोळा जातो. हे खरं आहे. मला बरं वाटावं म्हणून ते बोलले, हेही खरं आहे.

लिव्हरचं म्हणाल तर उत्तम झालं. अकराव्या दिवशी नळी काढली, पाच आठवड्यांत अँटिबायोटिक संपलं, सोनोग्राफीवर पुसटसा डाग उरला. आमच्या ऑडिटच्या तक्त्यात ही केस 'पूर्ण बरी' या रकान्यात आहे. डोळ्यासाठी रकाना नाही.

शेवटच्या सोनोग्राफीला आले तेव्हा जेल पुसता पुसता काकांनी विचारलं, "दुखणं पोटात, मग डोळा कसा गेला हो मॅडम?" मी सगळं नीट समजावलं. रक्त, जंतू, शुगर. त्यांनी मान डोलावली. म्हणाले, काटा उजव्या डोळ्यानं दिसतो, काम चालतंय.

शनिवारच्या फोनचं मी सांगितलं नाही.